निधीने मागितलेली माफी

हे मी घरी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगते आहे — आजच का, ते मलाही नीट कळत नाही.

एचएसआर लेआउटमधल्या एका छोट्या प्लेस्कूलमध्ये मी शिकवते. मूळची निपाणीची, म्हणून कन्नड-मराठी दोन्ही येतं. खेळता खेळता मुलांना मनातलं बोलायला शिकवायचं — राग आलाय, वाईट वाटलं, मला पण खेळायचंय — हे माझं आवडतं काम. ते मला छान जमतं, असं सगळे म्हणतात.

चार वर्षांची इरा पुण्याहून नवीन आली होती. कन्नड येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम. ‘मला खेळायला घ्या’ म्हणायचं कसं, ते कळेना, म्हणून ती दुसऱ्यांचे ठोकळे पाडायची. वर्गातली निधी तेवढी तिला भातुकलीत घ्यायची — काही न बोलता, हाताला धरून.

एका दुपारी इराने तिसऱ्यांदा ठोकळे पाडले. मी दमले होते — पण दमत कोण नाही? मी मराठीत म्हणाले, “अशी वागतेस ना, म्हणून तू कुणालाच आवडत नाहीस.”

वर्गात ते फक्त तिलाच समजलं.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. “मॅम, इरा यायलाच तयार नव्हती. मी कुणालाच आवडत नाही म्हणते. कोण बोललं हिला असं?”

आणि मी — मी म्हणाले, “निधी असेल. दोघी सतत बरोबर असतात.”

इरा आईचा हात धरून तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

मग मी इरा आणि निधीला समोरासमोर बसवलं. “नानु हेळिल्ल, मिस,” निधी म्हणाली. म्हणजे ‘मी नाही बोलले’. पुन्हा तेच म्हणाली. मी माझ्या त्या मऊ आवाजात समजावत राहिले — चूक झाली की सांगून टाकावं, मन हलकं होतं. शेवटी तिने रडत सॉरी म्हटलं. मी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

त्यानंतर भातुकलीत निधी एकटीच बसायची. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर इरा परत आली नाही.

निधी आता पहिलीत आहे. परवा तिची आई भाजीच्या दुकानात भेटली. कौतुकाने सांगत होती — निधी फार समजूतदार झालीय, धाकट्याने ग्लास फोडला तरी हीच आधी सॉरी म्हणते, सगळं तुमच्यामुळे, मिस.

मी हसले. थँक्यू म्हणाले.