सिनेमा आधी पाहिलेली बाई

ग्रंथालयाच्या तळघराला एकच खिडकी होती आणि तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. त्या पायांमधून सांडणाऱ्या उजेडात बाइंडरमावशी एकतीस वर्षं पुस्तकं शिवत होती. वरून टोपलीत पुस्तकं यायची, पुठ्ठा गेलेली, कणा मोडलेली. मावशी त्यांचे फर्मे सुटे करायची. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. अशा घड्या एकीला एक शिवल्या की पुस्तक होतं. मग खळ, मग दाब, मग कडा कापायच्या आणि पुस्तक पुन्हा वर. एकतीस वर्षांत तिने शिवलेलं एकही पुस्तक तक्रार होऊन परत आलं नव्हतं. हे ती स्वतः कुणाला सांगत नसे. दुसरं कुणी सांगत असेल तर मात्र मध्ये बोलत नसे.

ती वाचत नसे. ज्या म्हाताऱ्या कारागिराने तिच्या हातात सुई दिली त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की बांधणाऱ्याने वाचायला घेतलं की हात थांबतो. तिने ते पाळलं. कागदाचं वय तिला बोटांना कळायचं. आतल्या माणसांशी तिचा संबंध नव्हता.

संबंध आला तो एका रविवारी दुपारी. घरात ती, तिची धाकटी जाऊ आणि जावेची सोळा वर्षांची मुलगी. मुलगी पलंगावर लोळून सिनेमा बघत होती आणि मावशी शेजारी उशीचे अभ्रे शिवत बसली होती.

"हा इतका पांढराफटक का? अंगात रक्त नाही का याच्या?"

"मोठी आई, तो व्हॅम्पायर आहे. रक्त पिणारा."

"मग गाल तरी लाल हवे होते."

"माणसांचं नाही पीत तो. तत्त्व आहे त्याचं."

"असली तत्त्वाची माणसं घरात फार छळतात," मावशी म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

पण मग तिने मान खाली घातलीच नाही. शाळेत नवी आलेली एक मुलगी. बसमध्ये शेजारी बसलेला तो मुलगा, आणि खिडकीच्या काचेत मुलीला फक्त आपलाच चेहरा दिसतो. तिथून तिचा संशय सुरू होतो. पुढे एका बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावात, कोरड्या फरशीवर बसून, तो तिला आपण कोण ते सांगतो. आणि शेवटाकडे एक दिवस तो निघून जातो. तुझ्या भल्यासाठी जातो आहे, अशी चिठ्ठी ठेवून.

"तिला विचारलं का त्याने?" मावशी म्हणाली.

"काय विचारायचं? तिच्यासाठीच तर जातोय."

"मागे घे जरा. ती चिठ्ठीची जागा परत लाव."

मावशीचा नवराही तिच्या भल्यासाठीच गेला होता. लांबच्या शहरात, चांगल्या कामावर. ठरवलं त्याने, आणि तिला कळलं ते त्याची बॅग भरून झाल्यावर. दोन वर्षं पत्रं आली, मग थांबली. तेव्हा तिला काही बोलता आलं नव्हतं. सगळे म्हणत होते की बिचारा तिच्यासाठीच राबायला गेला, आणि त्यावर काय बोलायचं असतं ते तिला ठाऊक नव्हतं. आता, चोपन्नाव्या वर्षी, ते तिला ठाऊक झालं होतं. आठवड्यात तिने तो सिनेमा तीनदा पाहिला. जाऊ म्हणाली, "या वयात भुतांची लफडी बघतेस?" पुतणी तोवर दुसऱ्या सिनेमाकडे गेली होती. मावशीच्या तोंडाशी आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीबद्दलचं बोलणं आलं होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं.

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी चार वाजता वाचक मंडळ भरायचं. फलकावर लिहिलं होतं, की या वेळी तरुण मुलं वाचतात ते पुस्तक. तेच. सिनेमा ज्यावरून निघाला ते. मावशी खळीचे हात पुसून ग्रंथपालाकडे गेली.

"मला ते पुस्तक द्या. शनिवारी मी बोलणार आहे."

ग्रंथपालाने चष्मा वर सारला. "द्यायला देतो, मावशी. मंडळातल्या सातही जणांचं वाचून झालंय, एकच तर प्रत आहे. पण बोलायचं म्हणाल तर मंडळ चालवणाऱ्या प्राचार्यबाईंचा नियम आहे. ज्याने सिनेमा आधी पाहिला त्याने फक्त ऐकायचं. दुसऱ्याची चित्रं डोक्यात घेऊन आलेला माणूस वाचत नाही, नुसता ताडून बघतो, असं त्या म्हणतात. तुम्ही काही पाहिलेला नसेल म्हणा."

"तीनदा पाहिलाय."

"मग सांगू नका."

"का? चोरी केली का मी?"

पुस्तक हातात आल्यावर तिला निळं कापड ओळखू आलं. तिनेच बांधलेलं. वर्षापूर्वी टोपलीतून आलं होतं, मुखपृष्ठावर तो पांढराफटक मुलगा अर्धा फाटलेला. जेवणाच्या सुट्टीत, पायांच्या उजेडात, ती वाचायला बसली. हळू वाचायची, ओठ हलवत.

तिसऱ्या दिवशी ती अडखळली. मुलगी तलावात बसली होती आणि मुलगा सगळं सांगत होता. पण बसची काच अजून आलीच नव्हती. पुढची काही पानं उलटल्यावर काच आली, आणि सगळं ऐकून बसलेली मुलगी आता विचार करत होती, की हा कोण असेल. तलावाच्या आधी एक वाक्य तुटलं होतं. 'तिने हात पुढे केला आणि' असं पानाच्या तळाशी, आणि पुढच्या पानावर भलतंच काहीतरी.

घरी तिने पुतणीला विचारलं. "आधी काच, मग तलाव. हो ना?"

"पुस्तकात वेगळं असेल, मोठी आई. पुस्तकात नेहमी वेगळं असतं."

मावशीने पानाच्या तळाशी बोट फिरवलं. आकडा नव्हता. कुठल्याच पानावर नव्हता. कडा झिजल्या होत्या म्हणून तिने खालून जास्त कापलं होतं, आणि पानांचे आकडे कातरणात गेले होते. पुस्तक उघडं धरून तिने कण्याकडून घड्या मोजल्या. सातवी आणि आठवी. एकीच्या जागी दुसरी.

शिवण्याआधी प्रत्येक घडीचा आकडा बघायचा, हे तिला झोपेतही चुकत नसे. त्या दिवशी तिने बघितला नव्हता. का, तेही आठवत होतं. तो फाटका पोरगा बघून ती मनात म्हणाली होती, असल्या पुस्तकाला कोण विचारतंय.

शनिवारला दोन दिवस होते. टाके उसवून, घड्या बदलून पुन्हा शिवायला तिला दुपारही लागली नसती. कुणाला कळलं नसतं. ती सुई घेऊन बसलीही. मग तिने सुई गादीत टोचून ठेवली आणि दुसरं पुस्तक पुढे ओढलं.

शनिवारी ती धुतलेलं पातळ नेसून वर गेली. दारापाशी प्राचार्यबाई उभ्या होत्या, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी शाळा भरवल्यासारख्या.

"सिनेमा पाहिला आहे का?"

"हो."

"मग आज ऐका. छान चर्चा होते आमची."

ती मागच्या खुर्चीत बसून राहिली. प्राचार्यबाईंनी सुरुवात केली. पुस्तक उथळ असेल असं वाटलं होतं, त्या म्हणाल्या, पण लेखिकेने मध्यावर काळ उलटा फिरवला आहे. आधी सत्य कळतं, मग संशय येतो. प्रेमात माणूस कळलेलं विसरतो, हे किती धीटपणे सांगितलं आहे. वाक्यंसुद्धा अर्धी सोडून दिली आहेत. निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, त्या तुटलेल्या वाक्यापाशी आपण दहा मिनिटं थांबलो होतो. औषधांच्या दुकानवाल्या बाई म्हणाल्या, सिनेमात हे असं जमणारच नाही.

"ते लेखिकेचं नाही," मावशी म्हणाली. "ते माझं आहे."

माना वळल्या.

"तुम्हाला ऐकायला सांगितलं होतं," प्राचार्यबाई म्हणाल्या.

"ऐकलं. म्हणूनच बोलते. सातवी घडी आठवीच्या जागी शिवली गेली आहे. मी शिवली. आकडेही मीच कापले."

"असं कसं होईल? सात जणांनी वाचलंय."

"सात जणांनी वाचलं आणि सात जणांना आवडलं. मला पटलं नाही, कारण मी सिनेमा पाहिला होता."

पोस्टमास्तरांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात दडवलं. प्राचार्यबाई हसल्या नाहीत. "पुरावा काय?"

मावशीने पिशवीतून पुस्तक आणि चाकू काढला. पुस्तक मेजावर उताणं ठेवलं, पुठ्ठा सोडवला आणि आपलेच टाके एकेक कापले. खोलीत फक्त दोरा तुटल्याचा आवाज होता. दोन घड्या उचलून तिने त्यांची अदलाबदल केली आणि तुटलेलं वाक्य वाचलं. "तिने हात पुढे केला आणि" – तिने दुसरी घडी पुढे ओढली – "खिडकीची काच पुसली."

पोस्टमास्तरांनी पुढे वाकून ते वाक्य स्वतः एकदा वाचलं. मग औषधांच्या दुकानवाल्या बाई म्हणाल्या, "मला उलटं होतं तेच जास्त आवडलं होतं."

"आवडू दे की. शिवून देते तुम्हाला तसं," मावशी म्हणाली.

ग्रंथपाल दारात येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "मावशी, नोंद करावी लागेल याची. सदोष बांधणी म्हणून."

"करा. माझं नाव नीट लिहा. पहिलीच आहे."

त्या घड्यांकडे बघत प्राचार्यबाई आपल्या वहीतल्या दोन ओळी खोडत होत्या. खोडता खोडता म्हणाल्या, "नियम मात्र तोच राहील. पुस्तक आधी."

"राहू द्या. पुढच्या शनिवारी मला काढा. आज मी बसले आहे." मावशीने चाकू मिटला आणि खुर्ची मागच्या रांगेतून मेजापाशी ओढली. "तो निघून जातो तिथलं मला बोलायचंय. पुस्तकात ती पोरगी चिठ्ठी वाचते आणि अकरा पानं रडते. मी मोजली. मग म्हणते, त्याने केलं ते माझ्यासाठीच. सिनेमात ती चिठ्ठी वाचते, घडी घालते आणि उठून त्याच्या मागे जाते, भांडायला. सिनेमातली बरोबर आहे. पुस्तक लिहिणारी बाई चुकली."

"लेखिकेचा हेतू समजून घेतला पाहिजे," प्राचार्यबाई म्हणाल्या.

"हेतू त्या पोराचाही चांगलाच होता," मावशी म्हणाली. "विचारलं नाही त्याने. माझं म्हणणं तिथून सुरू होतं."

आणि ती बोलत राहिली. पाच वाजले, मंडळ संपायची वेळ झाली, पोस्टमास्तरांनी मध्ये हात वर केला. तिने हाताने त्यांना थांबवलं.