झिपरीच्या शेजारची जागा

माझे बाबा कवळ्या बनवायचे. दवाखाना दातांच्या डॉक्टरांचा, पण मागच्या खोलीत मेणात एकेक दात बसवत चाळीस वर्षं काढली ती बाबांनी. अजूनही रस्त्यात कुणी आजोबा हसले की बाबा आधी त्यांचे दात बघतात आणि मग माणूस ओळखतात. निवृत्त झाल्यावर त्याच चिमट्यांनी त्यांनी काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात, जिवंत पोवळी लावायला घेतली. दगडावर एक चिकटवायचं, मग पट्टीनं मोजून वीतभर जागा सोडायची, मग दुसरं. आई म्हणायची, "माझ्यापासून एवढं अंतर ठेवलं असतंत तर संसार सुखाचा झाला असता."

टाकीतलं एकच पोवळं आईचं होतं. त्याच्या नऊ फांद्यांच्या टोकांना लांब, मऊ केसांसारखं काहीतरी सतत झुलत असायचं. आईनं त्याचं नाव ठेवलं झिपरी. "काय गं झिपरे, विंचरलं नाही का आज?" असं ती त्याला रोज सकाळी विचारायची, तेही अगदी गंभीरपणे.

आई गेली आणि माझं जाणं कमी झालं. खरं सांगते, मला त्या घरात बसवत नसे. बाबा बोलायचे नाहीत आणि न बोलणाऱ्या माणसावर मी फार लवकर चिडते. दोन महिन्यांतून एकदा जायचे, फ्रीज आवरायचे आणि काढता पाय घ्यायचे. एकदा मनाला फारच लागून राहिलं, म्हणून शोभेच्या माशांच्या दुकानातून हिरव्या चांदण्यांसारखं दिसणारं एक पोवळं नेलं. झिपरीच्या शेजारी जागा रिकामीच होती, तिथं माझ्या हातानं ठेवलं. बाबांनी पट्टी उचलली, माझ्याकडे पाहिलं, पट्टी परत ठेवली. "छान दिसतंय," म्हणाले.

तेव्हापासून मी दर रविवारी जायला लागले. आपण आणलेलं वाढतंय की नाही हे बघायची उत्सुकता, दुसरं काय! ते तर जोमात होतं, पण झिपरी झडत चालली होती. आधी चार फांद्या पांढऱ्या पडल्या, मग सहा. सातवी गेली त्या रविवारी माझा तोल सुटला.

"आईची एवढी एक गोष्ट तुम्हाला सांभाळता येत नाही? पाणी तरी बदलता का वेळेवर?"

बाबा चिमटा पुसत राहिले.

मी टाकीतलं पाणी बाटलीत भरलं आणि तणतणत दुकान गाठलं. दुकानवाल्या बाईंनी पाणी तपासलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"पाण्याला नावं ठेवायला जागा नाही. तुम्ही नेलेलं पोवळं रात्री टाकीवरचा दिवा मंदावला की लांब धागे सोडतं. धागा लागेल ते भाजून निघतं. विकताना सांगितलं होतं मी, पण तुम्ही फोनवर होतात. ती जागा काकांनी मुद्दाम सोडली होती. दीड महिना झाला, टाकीचं मीठ न्यायला आले की हलवा म्हणतेय त्यांना. एकच उत्तर, मुलीनं लावलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत आले तर बाबा टाकीसमोर स्टुलावर बसले होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"हो."

"मग हलवलं का नाहीत? आईचं आहे ते!"

बाबा टाकीकडेच बघत म्हणाले, "तू लावलेलं मी हलवलं असतं आणि तू रुसली असतीस, तर दर रविवारी कशाला आली असतीस? आई तर गेली गं. तू येतेस अजून."

मी तिथंच रडले, चांगली मोठ्यानं. बाबांनी हातातलं फडकं पुढे केलं. त्याला खाऱ्या पाण्याचा वास येत होता, तरी मी नाक पुसलं.

मग माझं पोवळं मी टाकीच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. झिपरीच्या जिवंत राहिलेल्या दोन फांद्या बाबांनी कापल्या, मी दगड धरला, त्यांनी चिकटवल्या. जगतील की नाही, सांगता येत नाही म्हणाले.

निघताना चप्पल घालत मी म्हटलं, "बुधवारी येते."

"बुधवारी कशाला? इतक्यात काही कळायचं नाही. फांद्या रुजायला आठवडे लागतात."

"फांद्या बघायला नाही हो बाबा," मी म्हटलं. "तुम्हाला बघायला."