काळ्या थराखालचा बोर्ड

फ्रीजमधला थर्मामीटर एकोणीस डिग्री दाखवत होता. आतली सगळी लस वाया गेली होती. बाहेर व्हरांड्यात पंधरा-वीस बायका मुलं घेऊन बसल्या होत्या.

ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट. मी लसीचे फ्रीज दुरुस्त करायचो, जव्हारला राहायचो. हे आरोग्य केंद्र मोखाड्याच्या डोंगरात.

मालती सिस्टरांनी बाहेर जाऊन आज लस नाही म्हणून सांगितलं. पोशेऱ्याकडच्या पाड्यावरची सोनी उठली. कडेवर दहा महिन्यांची मुलगी, गोवराची लस राहिलेली.

"दोन दिवसांनी ये गं."

"उद्या वीटभट्टीवर चाललो बाई. आता होळीलाच येऊ."

मी फ्रीज उघडला. कॉम्प्रेसर चांगला होता. बिघाड कंट्रोलर बोर्डात, म्हणजे तापमान बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये. वायर थेट जोडली तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. काही लसी गोठल्या तरी फुकट जातात. कोणी नक्कल करू नये म्हणून कंपनीने बोर्डावर डांबरासारखा काळा थर ओतलेला. तो काढला तर खाली चिपांवरचे नंबरही खरवडलेले.

कंपनीला फोन लावला.

"ते मॉडेल बंद झालंय. नवीन फ्रीज मागवा."

"निदान सर्किट डायग्राम द्या."

"तो बाहेर देत नाही."

दोन दिवसांनी जव्हारहून आइसबॉक्समधून लस आली. सिस्टर चालत पाड्यावर गेल्या. सोनीच्या दाराला कडी होती.

नाशिकच्या एका प्राध्यापकांनी असाच कंट्रोलर बनवून त्याच्या सर्किटचा नकाशा, सामानाची यादी, प्रोग्राम, सगळं इंटरनेटवर ठेवलं होतं. कोणीही बनवा, बदला, वाटा. याला ओपन सोर्स हार्डवेअर म्हणतात. मी सायबर कॅफेतून प्रिंट काढली आणि बोर्ड जोडला.

तालुक्याचे आरोग्य अधिकारी साहेब म्हणाले, "कंपनीचा नसलेला बोर्ड? लस खराब झाली तर जबाबदार कोण?"

"आत्ता खराब झाली, तिला कोण जबाबदार आहे साहेब?"

त्यांनी प्रिंट चाळली. मग म्हणाले, "आधी पाण्याच्या बाटल्या ठेवून बघ."

तीन आठवडे बाटल्या ठेवल्या. सिस्टर सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायच्या. दोनच्या खाली नाही, आठच्या वर नाही, लसीला लागतं तसंच. मग सही मिळाली.

होळीला सोनी आली ती एकटीच. भट्टीवर गोवराची साथ आली होती. सिस्टरांनी मला हे सांगितलं तेव्हा मी फ्रीजच्या मागे स्क्रू आवळत होतो. आवळलेलाच स्क्रू पुन्हा आवळत राहिलो.

पुढच्या पावसाळ्यात त्या बोर्डाचा रिले, म्हणजे कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच, जळला. मी टायफॉइडने पडून होतो. सिस्टरांनी बोर्ड आणि प्रिंट जव्हारच्या एका रेडिओवाल्याकडे पाठवली. त्याने तो फ्रीज कधी पाहिलाही नव्हता. कागद बघून त्याने दुपारपर्यंत रिले बदलला. दुसऱ्या दिवशी लसीकरण झालं.

बोर्ड माझाही जळलाच. फक्त तो दुरुस्त करायला माझी किंवा कंपनीची वाट बघावी लागली नाही. ज्याचा नकाशा मिळत नाही, असं यंत्र डोंगरात पाठवू नये, एवढंच मला नोकरीत कळलं. ते कळायला उशीर झाला.