राखणदाराची बिडी

एडवणच्या बळवंतने बिडी सोडली आणि गावाच्या मागे साडेसाती लागली. बोईसरच्या डॉक्टरने त्याला फुप्फुसाचा फोटो दाखवून दम भरला होता, की आणखी ओढलीत तर ऑक्सिजनची नळी नाकाला लावून वाडीला पाणी घालाल. घाबरलेला बळवंत थेट तंबाखूमुक्त गाव समितीचा अध्यक्ष झाला. मग एसटी थांब्यावर, समुद्रावर, शाळेच्या कुंपणाशी, जिथे धूर तिथे हा हजर. शेजारचा बबलू तोंडातली इलेक्ट्रिक सिगारेट दाखवत म्हणाला, "काका, हा धूर नाय, वाफ हाय." बळवंतने ती जप्त केली आणि कायदा एवढा ऐकवला, की बबलू आठवडाभर सासुरवाडीला जाऊन राहिला.

पण एक अडचण होती. वेशीवरच्या छोट्या देवळीतल्या राखणदार देवाला वर्षातून एकदा नारळ आणि पेटती बिडी ठेवायची, हा बळवंतच्या घराण्याचा मान. आणि बिडी काही झुरका मारल्याशिवाय नीट पेटत नाही. बळवंतने झुरका मारला. देवासाठी हो!

तिथून देवाची भूक वाढली. आधी दर अमावस्येला, मग शनिवारी, मग रोज संध्याकाळी. देवळीबाहेर 'धूम्रपानास सक्त मनाई' हा समितीचाच फलक, आणि त्याच्या आडोशाला अध्यक्ष डोळे मिटून भक्तीत बुडालेले. बिडी देवापुढे पोचेपर्यंत थोटूक उरायचं. देव बिचारा काही बोलला नाही.

बायको जयवंती मात्र रोज त्याचा खोकला ऐकत होती. अंगाला येणारा वास धुपाचा आहे हे तिला पटलंय, असं फक्त बळवंतला वाटायचं. एका संध्याकाळी तो देवळीपाशी आला तर ती पायरीवर बसलेली, तोंडात बिडी.

"अगो, ह्या काय?"

"देवाची हाय. आजपासून मी पेटवीन. तुमाला तरास नको."

तिने झुरका ओढला, आयुष्यातला पहिला. खोकून खोकून ती दुमडली, डोळ्यांना धारा लागल्या, तरी बिडी पुन्हा तोंडाकडे. बळवंतने बिडी हिसकावून पायाखाली चिरडली.

"मरायचा हाय काय तुला?"

"नाय," जयवंती धापा टाकत म्हणाली, "पन तुमच्या मागं एकटी ऱ्हायचा पन नाय."

बळवंत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग खिशातलं अख्खं बंडल काढून त्याने मुकाट्याने तिच्या पदरात टाकलं. देवाला त्या दिवसापासून नुसत्या नारळावर भागवावं लागलं.