मिटलेली एरियल

अंबडच्या कारखान्यातले आमच्या टूलरूमचे मिस्त्री मूळचे निफाडकडचे. रविवारी ते गंगापूर रोडच्या पलीकडच्या माळावर रेडिओवर चालणारं ग्लायडर उडवायचे. हातात धरायचा सेट त्यांनी स्वतःच पत्र्याच्या डब्यात जुळवलेला. त्याला एकच बटण. एकदा दाबलं की विमान उजवीकडे, दोनदा दाबलं की डावीकडे. सुकाणू हलायचं ते विमानाच्या पोटात पीळ भरलेल्या रबरावर. एवढ्यावर त्यांनी इतक्या वर्षांत एकही विमान हरवलं नव्हतं.

दर उड्डाणाआधी ते सेटची ओढून लांब होणारी एरियल मिटवत आणि विमानापासून शंभर पावलं मोजत लांब जात. तिथून बटण दाबल्यावर सुकाणू हललं, तरच विमान हवेत जायचं. मिटल्या एरियलवर सेटचा पल्ला थोडाच; तेवढ्यावर चाललं तर एरियल पूर्ण ओढल्यावर लांबवर चालणारच, हा हिशेब. मला या सोपस्काराचा भारी वैताग यायचा.

ऐंशीनंतर कधीतरी माझ्या मेव्हण्याने दुबईहून मला नवा सेट आणला. त्याचा दांडा जेवढा ढकलावा तेवढंच सुकाणू वळे! मी हवेतच होतो, फक्त विमान नव्हतं. मिस्त्रींच्या खनपटीला बसून तो सेट मी त्यांच्या नव्या ग्लायडरमध्ये बसवायला लावला. ते ग्लायडर त्यांनी अख्खा हिवाळा खपून बनवलेलं.

"आधी पावलं," मिस्त्री म्हणाले.

मी तोंड वाकडं करून शंभर चाललो, मग हट्टाने आणखी शंभर. सुकाणू झकास हलत होतं. ऐटीत परतलो. मिस्त्रींनी दोरीने ग्लायडर वर चढवलं, दोरी सुटली. ते सरळ नदीकडे निघालं. मी दांडा वळवला, पण ते वळेना.

"मिस्त्री, ऐकत नाही हो!" मी ओरडलो. त्यांचा अख्खा हिवाळा लांब लांब जात होता.

ते धावत आले. विमानाकडे पाहिलंच नाही, माझ्या हाताकडे पाहिलं आणि सेटची एरियल खसकन वर ओढली. चाचणीनंतर मी ती तशीच मिटलेली ठेवली होती. ग्लायडर वळलं आणि माळावर येऊन उतरलं.

दुसऱ्या कुणी माझे आणि सेटचे, दोघांचेही वाभाडे काढले असते. मिस्त्री पंखांवरची कुसळं काढत म्हणाले, "सेट लय भारी हाय रे तुझा. मिटल्या एरियलवर दोनशे पावलांवरून माझा चालला नसता. उडवायचं ना परत?"

मी एरियल मिटवली आणि एकपासून मोजत चालू लागलो. परत आल्यावर ती पूर्ण ओढून आधी त्यांना दाखवली.