न पाहिलेल्या पानावरची लाल खूण

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे पट्टीबाई म्हणत. वाचताना ओळीखाली पट्टी धरायची सवय, आणि स्वभावही पट्टीसारखाच, सरळ आणि कडक. एकतीस वर्षं इंग्रजी शब्दांची कुळं शोधण्यात गेली. नवरा चिडवायचा, "माझं आडनाव विसरशील, पण शब्दांचं माहेर नाही!"

कचेरीचा एक नियम होता. जुन्या पुस्तकातलं पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तरच शब्दाच्या पुराव्याच्या कार्डावर लाल खूण करायची. एका नवख्या मुलीने न पाहता खूण केली, तेव्हा पट्टीबाईंनी आकाशपाताळ एक करून तिला घरी बसवलं होतं. ती जिन्यात रडत उभी होती, आणि या वळूनही न बघता जेवायला गेल्या.

आज दुपारी 'कॅननिस्ट' या शब्दाचं पान छापायला जायचं होतं. चर्चच्या कायद्याचा जाणकार, हा अर्थ. मूळ ग्रीक शब्द म्हणजे मापाची सरळ काठी. त्यावरून नियम, मग चर्चचा नियम, आणि लॅटिन-फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. एवढं पक्कं होतं. पण इंग्रजीतला सर्वांत जुना पुरावा पट्टीबाईंचा, आयुष्यातला एकमेव शोध. निवृत्तीच्या दिवशी तेच पान चौकटीत घालून त्यांना द्यायचं ठरलं होतं. त्या पुराव्याच्या कार्डावर लाल खूण होती, आणि पुस्तक त्यांनी कधी उघडलंच नव्हतं. आई इस्पितळात होती, म्हणून दुसऱ्याच्या टिपणावरून उतरवलं होतं. त्या मुलीला काढण्याच्या दोन वर्षं आधी.

सकाळी न राहवून त्यांनी ग्रंथालयात चौकशी केली होती. आता फोन वाजला आणि त्यांनी तो लगेच उचलला.

"शब्द आहे बाई," ग्रंथपाल म्हणाला, "पण छापलेल्या मजकुरात नाही. समासात कुणीतरी शाईने लिहिलाय. खाली तारीखही आहे, पुस्तक छापल्यानंतर शंभर वर्षांची."

छापखान्याचा माणूस पान न्यायला दारात येऊन उभा होता. गप्प राहिलं असतं तर कुणाला सुगावाही लागला नसता. त्या कार्ड घेऊन थेट संपादकांसमोर गेल्या.

"ही खूण खोटी आहे. पान थांबवा."

सगळं ऐकून संपादकांनी चष्मा काढला. "पुरावा बदलू. पण निवृत्तीला आठ दिवस राहिलेत बाई, खुणेचं कुणाला सांगत बसू नका."

"एकीला सांगायलाच हवं. तिचा पत्ता असेल ना?"

जुन्या रजिस्टरात पत्ता सापडला. शेजारी, काढून टाकण्याच्या कारणापुढे, पट्टीबाईंच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : विश्वासाला अपात्र. त्यांनी पत्ता उतरवून घेतला आणि त्या जिना उतरू लागल्या.