भिंतीवरचा परवाना

बँकेत हयातीच्या दाखल्यावर सही करायची वेळ आली की माझा हात थोडा थांबतो. काउंटरवरच्या मुलीला वाटतं, साहेबांना नीट दिसत नसेल. नोकरीत हजारो सह्या केल्या. त्यातल्या एका सहीने मला अजून सोडलेलं नाही आणि त्यामागची घटनाही मी विसरू शकलेलो नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. मी मूळचा आसगावकडचा, धानाच्या बांध्यांत वाढलेला. साप मला नवीन नव्हते, पण धीट मात्र मी कधीच नव्हतो. ठाण्यात साप निघाला की आम्ही शेजारच्या गावातल्या एका सर्पमित्राला फोन करायचो. विणकराच्या घरातला, पस्तिशीचा, गोड बोलणारा माणूस. आमच्या मुद्देमालाच्या खोलीतून त्याने नाग काढला, तेव्हा दोन शिपाई टेबलावर उभे होते आणि मीही पाय खुर्चीवर घेऊन बसलो होतो.

पुढे ठाण्याच्या एका कार्यक्रमात मी त्याला शाल, श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र दिलं. मजकूर मीच सांगितला, रायटरने टाइप केला. ‘साप पकडणे, हाताळणे व सुरक्षित ठेवणे यात ते निष्णात आहेत.’ वर गोल शिक्का, खाली माझी सही. वन विभागाचे लोक येईपर्यंत साप बरणीत सुरक्षित ठेवणे, एवढंच मला म्हणायचं होतं.

काही महिन्यांनी विदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठी नोंदणीचे नियम आले. जनावर कुठून आणलं, कोणाला दिलं, मेलं तर कधी मेलं, सगळं कळवायचं. परिपत्रक ठाण्यात आलं, मी ‘पाहिले’ असं लिहून फाईलला लावलं. आमच्या भागात परदेशी जनावर कोण पाळणार, असं माझं मत. त्याच दिवसांत माझ्या हवालदाराने बाजारातली एक गोष्ट कानावर घातली. मोहाडीच्या आठवडी बाजारात कोंबडीची पिल्लं विकणारी एक बाई त्याला म्हणाली होती, तो सर्पमित्र दर बाजाराला अगदी बारीक पिल्लं नेतो, घर तर माळकरी, अन् अंगणात कोंबडी एकही दिसत नाही. मी हसलो. आपला माणूस आहे, म्हटलं. खबर पायाशी चालत आली होती आणि मी ती उडवून लावली.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी भंडाऱ्याच्या रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला. सर्पदंशाची नोंद पोलिसांकडे येतेच, पण डॉक्टर स्वतः फोन करत नाहीत. सर्पमित्राच्या बायकोला उजव्या हाताला साप चावला होता. नवरा घोणस म्हणत होता. सापाच्या विषावरचं औषध पुरेसं देऊन झालं, तरी काचेच्या नळीत घेतलेलं रक्त गोठत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “घोणस असती तर एव्हाना फरक दिसायला हवा होता. हा माणूस काहीतरी लपवतोय. मला साप कळला नाही तर ही बाई हातची जाईल.”

हवालदाराला घेऊन मी निघालो. तिचा हात खांद्यापर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. नवरा आवारातल्या कडुनिंबाखाली बसला होता. मी त्याच्या शेजारीच बसलो. चौकशीत आवाज चढवून माझं काम कधी झालं नाही, आपल्या बोलीत विचारलं की माणूस ऐकतो तरी.

साप कुठे चावला ते विचारलं. घरात, म्हणाला. सरपणात हात घातला अन् घोणसीने धरलं. साप पकडला का? नाही, निसटला. एरवी हा माणूस धामण पकडली तरी मोबाईलवर दहा फोटो पाठवायचा. मी विचारलं, घरी आता कोण आहे? म्हातारी आई एकटीच, दिसत नाही तिला, असं त्याने सहज सांगितलं. तिथेच तो सापडला.

“घोनस घरात मोकळी फिरून राहिली, अन् आंधळ्या मायले तू एकटी सोडून आला? कोनाले फोन पन नाही केला?”

तो खाली बघून गवताच्या काड्या मोडत राहिला. साप कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याला आईची काळजी नव्हती.

मी डॉक्टरांना बाहेर बोलावलं. त्यांनी त्याला समजावलं की तिला दिलेल्या बाटलीतलं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याच विषावर चालतं. दुसऱ्या सापावर ते पाण्यासारखं. तो डॉक्टरांकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत त्याने किती लोकांना रुग्णालयात पोचवलं होतं, आणि साप कोणताही असो, प्रत्येक वेळी हीच बाटली लागलेली पाहिली होती. सापाचं औषध म्हणजे सगळ्या सापांचं औषध, असाच त्याचा समज होता. बायको वाचणारच आहे, मग खरं नाव सांगून गावभर बोभाटा कशाला करायचा, लोक साप घराबाहेर काढायला लावतील, असा त्याचा हिशेब. त्या क्षणापर्यंत मला त्याचा संताप येत होता. नंतर त्याची कीव आली.

“हिरवा आहे साहेब,” तो म्हणाला. “बाहेर देशातला. मागाच्या खड्ड्यात आहे, खोक्यात.”

त्याला घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. घरातला माग बंद पडून वर्षं झाली होती. विणकर पाय सोडून बसतो त्या खड्ड्यात, फळ्यांखाली, काचेचं खोकं होतं. आत फांदीला वेटोळं घालून बसलेला हिरवागार साप. बाजारातली बारीक पिल्लं कुठे जात होती ते तेव्हा कळलं. पाण्याची वाटी बदलताना तिला तो चावला होता. दोन पंचांसमोर पंचनामा केला, फोटो आधी डॉक्टरांना पाठवले, साप वन विभागाच्या ताब्यात दिला. जाणकारांनी ओळख पटवली. या सापावरचं औषध आपल्या देशात मिळत नव्हतं. बाटल्या थांबल्या, रक्त देणं सुरू झालं आणि तिला नागपूरला हलवलं.

परवाना आहे का, नोंदणी केली का, हे पंचनाम्याच्या वेळीच विचारणं माझं काम होतं. तो “आहे ना साहेब” म्हणाला आणि भिंतीवरून एक फ्रेम काढून माझ्या हातात दिली. माझंच प्रशस्तिपत्र. साप विकणाऱ्याने कागद मागितला तेव्हा याने त्याचा फोटो पाठवला होता, आणि तेवढ्यावर साप मिठाईच्या खोक्यातून घरी आला. ‘सुरक्षित ठेवणे’ या दोन शब्दांवर त्याने बोट ठेवलं. तो खोटं बोलत नव्हता. पंच माझ्याकडे बघत होते. मी फ्रेम मुद्देमालात घेतली.

या प्रकरणाने मला परवान्याचा अर्थ शिकवला. आपल्या घरात काय आहे हे चार लोकांना आधीच माहीत असावं, म्हणजे वेळ आली तर डॉक्टरला अंदाज बांधत बसावं लागू नये, यासाठी ती नोंद असते. मी ते परिपत्रक फाईलला लावलं तेव्हा मला हे सुचलं नव्हतं.

ती वाचली. उजव्या हाताची तीन बोटं मात्र काढावी लागली. दोन महिन्यांनी जबाबासाठी ती ठाण्यात आली. सातवी शिकलेली, पूर्वी स्वतःचं नाव लिहायची. मी प्रश्न विचारले, तिने शांतपणे उत्तरं दिली. खोक्याची भीती वाटली नाही का, असं मी शेवटी विचारलं.

“थे फ्रेम मीच रोज पुसत होतो साहेब,” ती म्हणाली. “खाली तुमची सई होती. म्हनून मले भेव नाही वाटलं.”

रायटर लिहायचा थांबला. मी त्याला म्हटलं, तिने सांगितलं ते तसंच लिही.

जबाब तिला वाचून दाखवला. तिने डाव्या हाताचा अंगठा शाईत टेकवून कागदावर उमटवला. त्याखाली मी ‘समक्ष’ लिहिलं आणि सही केली.